वळचणीची फट

२ जून

व्याहीबुवा,

नमस्कार. कसे आहात ते विचारत नाही. तुम्ही कसे आहात हे मला लग्नापासून ठाऊक आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि समोर आलं की ऐकायचं नसतं. कागदावरचं तरी वाचाल म्हणून लिहितेय.

काल माझ्या मुलीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "आई, परवा खोलीत वटवाघूळ शिरलं होतं. पडद्याला लटकून बसलेलं." मी विचारलं, मग? तर म्हणे, "बाबांनी चामड्याचा हातमोजा घालून उचललं, पंख उघडून मला नीट दाखवलं आणि खिडकीतून सोडलं." वर हसत होती! सातवा महिना लागलेल्या सुनेला सासरा काय दाखवतो, तर वटवाघळाचे पंख. जावई जहाजावर, समुद्रात कुठेतरी विजेच्या तारा जोडतोय, आणि घरात हे चाललंय.

मी संसर्गाच्या वॉर्डात मेट्रन आहे. जनावर चावलेली, जनावराने ओरबाडलेली माणसं तुम्ही पुस्तकात पाहिली असतील, मी त्यांचे हात धरून बसले आहे. रेबीज झालेल्या एकाला पाण्याचा पेला दाखवला की तो काय करायचा ते मी तुम्हाला लिहून कळवणार नाही, जेवण जाणार नाही. तेव्हा "ती बिचारी निरुपद्रवी असतात" हे पालुपद माझ्यापुढे नको.

आणि तुमचा छंद मला नवा नाही. लग्नाच्या दिवशी पंगत बसली आणि नवऱ्या मुलाचे वडील कुठे, म्हणून सगळे शोधत होते. तुम्ही हॉलच्या मागे भिंतीला पाठ लावून, कानाला ते खोकं लावून आभाळाकडे बघत उभे. माझ्या नणंदेने विचारलं, "मुलाच्या वडिलांना काही त्रास आहे का?" मी काय सांगणार? म्हटलं, आहे.

आता कामाचं. तुमच्या छपरात ती किती राहतात ते मला नको. त्यांची वीण तिथे होते का, एवढंच सांगा. एका शब्दात. आणि वळचणीच्या ज्या फटीतून ती ये-जा करतात, ती या महिन्यात बुजवा. नाहीतर मी मुलीला माझ्याकडे घेऊन येते, बाळ चालायला लागेपर्यंत.

— विहीण


६ जून

विहीणबाई,

पत्र पोचलं. एका शब्दात उत्तर द्या म्हणता आणि स्वतः पानभर लिहिता. असो.

आधी एक दुरुस्ती. आमच्या छपरात आहे ती पाकोळी. वटवाघूळ म्हणजे ते मोठं, कुत्र्याच्या तोंडाचं, झाडाला उलटं टांगलेलं, फळं खाणारं. पाकोळी तुमच्या अंगठ्याएवढी. फळाला तोंड लावत नाही, डास-चिलटं खाते. तुम्ही दोन्हींना एकाच मापाने मोजता. शेळीला पाहून बैल म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? विश्वास नसेल तर पायरीवरची लेंडी उचला, अर्थात कागदाने, आणि चिरडा. उंदराची असेल तर कडक निघेल. पाकोळीची असेल तर भुगा होईल आणि तो चमकेल, कारण त्यात किड्यांचे पंखच पंख.

त्यांना हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही हे मला तुमच्याइतकंच कळतं, म्हणून तर हातमोजा होता. सूनबाईला दाखवलं, कारण तिला बघायचं होतं. माझ्या घरात माणसं कुतूहलाने बघतात. तुमच्याकडे बघायच्या आधी फिनेल ओततात.

उडताना पाहून ओळखायला शिका, मग बोला. संध्याकाळी पाठ भिंतीला लावायची, फटीकडे बघायचं नाही, फटीच्या बाजूच्या उजळ आभाळाकडे बघायचं. हातातलं वर्तमानपत्र वाचता येईनासं झालं की पहिली सुटते. सरळ उडाली तर ती दुसऱ्या जातीची. आमच्या पाकोळ्या झोकांड्या खात, दिव्याच्या खांबाएवढ्या उंचीवर फिरतात. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा त्यांचा आवाज पकडणारं माझं खोकं आहे, त्याचं बटण फिरवत नेलं की एका जागी त्यांचा आवाज पाण्याच्या थेंबासारखा टपटप ऐकू येतो, थोडं पुढे दुसऱ्या जातीचा, कोरडा. लिफ्टच्या मोटारींपाशी जन्म काढून माझे कान गेले, माणसांचं बोलणं मला अर्धं कळतं. पण कानाला ते खोकं लावलं की हे पूर्ण कळतं. सूनबाईची सासू गेल्यापासून संध्याकाळची ती वेळ मला खायला उठते. तेव्हा मी तिथे उभा राहतो. कुणाचं काही घेतो का?

आता तुमचा प्रश्न. वीण नाही. छपरात सगळे नर आहेत. रिकामटेकड्या नरांचा अड्डा म्हणा. महिनाअखेर आपोआप दुसरीकडे जातील आणि मग फट मी स्वतः बुजवीन.

मुलीला नेण्याचं म्हणाल तर तिला पाकोळ्यांचा त्रास नाही. तुम्हाला पाकोळ्या घालवायच्या नाहीत, पोरगी पळवायची आहे. ते सरळ लिहा, शाई कमी लागेल.

— व्याही


२४ जून

व्याहीबुवा,

तुम्ही पाकोळीवाल्या मंडळींच्या मेळाव्याला गेला होतात, तेव्हा मी येऊन गेले. आल्यावर फट बघितली असेलच. ती मी बुजवली.

आता तुमच्या नाकाला मिरच्या झोंबतील, म्हणून आधीच सांगते: एकही पाकोळी मारलेली नाही. सगळं तुमच्याच रीतीने केलं. मुलगी वाचनालयात संध्याकाळच्या पाळीला गेली होती. तिला मुद्दाम सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुमची बाजू घेऊन बसली असती. फाटकाला तुमच्या कधी कुलूप नसतं. सोबत आमच्या इमारतीचं छप्पर करणारा गवंडी घेतला होता. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, उजळ आभाळाकडे बघत. वर्तमानपत्रही होतं हातात. अक्षरं दिसेनाशी झाली आणि खरंच पहिली सुटली. मग एकामागून एक. कबूल करते, बघायला बरं वाटलं. एवढ्याशा जीवांना एवढी घाई कसली असते कोण जाणे.

शेवटची गेल्यावरही मी लगेच हात लावू दिला नाही. चांगला वेळ थांबले. मग गवंडी शिडीवर चढला आणि फुगणारा फोम भरायला लागला. तेवढ्यात तीन-चार पाकोळ्या परत आल्या आणि फटीत शिरायला बघू लागल्या. त्याच्या तोंडाभोवती फिरत होत्या, हटेनात. त्याने खांद्यावरचा टॉवेल फिरवून हाकलल्या. तुम्हीच लिहिलं होतं, रिकामटेकडे. घर सोडवत नसेल, आणखी काय.

माझी बस होती. शिडी गवंडी परवा येऊन नेईल. पायऱ्या फिनेलने धुतल्या आहेत.

तुम्ही महिनाअखेर म्हणाला होतात. महिनाअखेर कुणी पाहिलीय? माझ्या मुलीचं पोट तुमच्या तारखांसाठी थांबणार नाही. नर आहेत, धडधाकट आहेत, दुसरं छप्पर बघतील. मी आयुष्यभर वॉर्ड रिकामे करून धुवायला दिले आहेत, कुणाला उघड्यावर टाकलेलं नाही.

— विहीण


२७ जून

बाई,

तुम्ही मेट्रन आहात की कसाई?

परत आलेल्या त्या तीन-चार पाकोळ्या कोण होत्या माहीत आहे? आया. पोटभर डास खाऊन मध्येच परत येतात, कारण आत पिल्लं असतात. उघडी, डोळेही न उघडलेली, तुमच्या नखाएवढी पिल्लं. संध्याकाळी उडतात त्या फक्त आया. पिल्लं छपराच्या लाकडाला चिकटून आतच राहतात. आणखी तीन आठवड्यांनी उडाली असती. तुम्ही शहाणपणाने वर्तमानपत्र धरून आया मोजल्यात आणि त्यांच्या मुलांवर फोम ओतलात. आणि त्या गवंड्याने टॉवेलने कोणाला हाकललं? दूध पाजायला आलेल्या आईला!

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर सूनबाई अंगणात उभी. म्हणाली, "बाबा, छतात काहीतरी सारखं चिवचिवतंय. कालपासून. आता कमी झालंय." मला काय ऐकू येणार? खोकं लावलं, बटण फिरवलं आणि कानात नुसता कल्लोळ. वळचणीसमोर आया थव्याने घिरट्या घालत होत्या, फोमवर आपटत होत्या.

तुमच्या गवंड्याची शिडी तिथेच होती. सूनबाई चढली. मी नको म्हणेपर्यंत चढली, तुमचीच मुलगी, ऐकते थोडीच. कलथ्याने फोम उकरून काढला. आया तिच्या केसांना घासून आत शिरल्या. निम्मी पिल्लं वाचली असतील. उरलेली मी सकाळी डब्यात गोळा केली. किती ते लिहीत नाही. दोन दिवसांत आयांनी जिवंत पिल्लं छातीशी धरून नेली, छप्पर रिकामं झालं. तुमची इच्छा पूर्ण झाली.

सूनबाई ठीक आहे. जरा दमली. डॉक्टर येऊन गेले. पलंग खालच्या खोलीत आणलाय, पायथ्याला विटा लावल्या आहेत, चिरंजीवांना जहाजावर निरोप धाडलाय. काळजी नसावी. येण्याची तसदी घेऊ नये.

— व्याही


३० जून

व्याहीबुवा,

"काळजी नसावी" म्हणे. पलंगाच्या पायथ्याला विटा कधी लावतात हे तुम्ही कुणाला लिहिताय? अवेळी कळा आल्या की लावायच्या त्या विटा मी शेकड्यांनी लावल्या आहेत. तुमचं पत्र हातात पडलं तशी ड्यूटीवरच्या कपड्यांनी निघाले.

काल मी तुमच्या घरी आले होते. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. तुमची शेजारीण दारात आडवी आली, "थांबा, आत विचारून येते." म्हटलं, आईला विचारून यावं लागतं का? बाजूला केलं आणि आत गेले. माझी मुलगी पलंगावर होती, पांढरीफटक. मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी नाडी बघायला हात धरला तर सोडवून घेतला. एवढ्या वर्षांत परक्या रोग्यानेही माझा हात असा सोडवला नव्हता. मी रडले. तुम्हाला सांगायची लाज वाटत नाही.

आता तुमच्या उलट्या बोंबांबद्दल. मला कसाई म्हणता? तुमचं सहा तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे. "वीण नाही. छपरात सगळे नर आहेत." हे कोणाचं अक्षर? मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता, आणि तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात. पिल्लं आहेत म्हणाला असतात तर मी रागावले असते, भांडले असते, मुलीला घेऊन गेले असते. पण फट बुजवली नसती. मी प्रसूतीच्या वॉर्डातही काम केलंय. बाळांवर झाकण ठेवणारी बाई मी नाही, तुम्ही मला ती बनवलीत. आयुष्यात तुमच्या शब्दावर एकदा विश्वास ठेवला आणि ही शिक्षा.

आणि आणखी एक. तुमच्या घरातून निघाल्यावर मी अंगणात उभी राहिले. गवंड्याने शिडी नेलेली नाही, अजून भिंतीला टेकलेली आहे. मी ती वळचणीला लावून पाहिली. फरशीवर शेवाळ आहे, शिडीचा पाय सरकतो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सरकली. पुन्हा लावली, पुन्हा सरकली. खाली कुणी धरल्याशिवाय ती शिडी उभी राहत नाही. सात महिन्यांची गरोदर बाई वर चढून, दोन्ही हात सोडून, कलथ्याने फोम उकरते, आणि शिडी जागची हलत नाही.

व्याहीबुवा, शिडी कोणी धरली होती?

— विहीण


४ जुलै

विहीणबाई,

मी धरली होती.

माझ्या गुडघ्यांनी चढवत नाही. मी चढायला गेलो, दुसऱ्या पायरीवर अडकलो. ती म्हणाली, उतरा. मी उतरलो. कानात तो कल्लोळ चालू होता. पुढचं माझ्या हातून झालं. वर ती होती आणि खाली मी दोन्ही हातांनी शिडी आवळून धरली होती, तिच्याकडे बघत. नाही, खोटं नको. मी फटीकडे बघत होतो.

खाली उतरली तेव्हा हसत होती. जेवतानाच कळ आली.

नरांचं म्हणाल तर ते मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. तुम्ही पिल्लांचं ऐकताच तिला घेऊन गेला असता. चिरंजीव वर्षातले दहा महिने पाण्यावर. मग हे घर आणि मी. लिहिताना वाटलं, पाच-सहा आठवड्यांचा प्रश्न आहे, महिनाअखेर म्हणून वेळ काढू, निभावून जाईल.

माझं चुकलं. पण फोम तुम्ही भरलात, तोही चोरून, ती घरात नसताना. तेवढं तुमच्या खात्यावर. मी तुम्हाला कसाई म्हटल्याचं वाईट वाटत असेल तर वाटू द्या.

— व्याही


१० जुलै

आई आणि बाबा,

हे पत्र मी दोन कागदांवर लिहिलंय, दोन्हीकडे तेच शब्द आहेत. एकमेकांना पाठवायची किंवा त्यातला मजकूर कळवायची गरज नाही.

तुमची पत्रं मी वाचली आहेत. बाबा, तुम्ही ती टेबलावर उघडी ठेवता. तुमची उत्तरंही पोस्टात टाकण्याआधी तिथेच पडलेली असतात. त्यातल्या प्रत्येक पानावर मी आहे, आणि मला कुणी काही विचारलेलं एकाही पानावर नाही.

पडद्यावरच्या पाकोळीपासून सुरुवात करते. आई, मी हसत नव्हते गं, मला भीती वाटत होती. बाबा, मला ती बघायची नव्हती. पण तुम्ही एवढ्या आनंदाने पंख उघडून दाखवत होतात, सासूबाई गेल्यापासून तुम्हाला इतकं खुश मी पाहिलं नव्हतं. म्हणून "छान आहे" म्हटलं. एका खोट्या शब्दावर तुम्ही मला पाकोळीवाली करून टाकलंत. आई, तुला मी फोन केला तो त्या रात्री झोप लागली नाही म्हणून. तुझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं, "घाबरलीस का?" तू थेट व्याह्यांना पत्र लिहिलंस.

आई, तू आलीस आणि मला न भेटता गेलीस. माझ्या खोलीच्या छताचं काम करून गेलीस, पायऱ्या धुऊन गेलीस, आणि मला भेटली नाहीस. रात्री अंथरुणावर पडले आणि डोक्यावर चिवचिव सुरू झाली. बाबा मेळाव्याला, तू बसमध्ये. ती रात्र आणि पुढचा दिवस मी एकटीने ते ऐकलं. पाकोळ्या मला आवडत नाहीत, अजूनही नाही. पण पोटात पोर हलत असताना ते ऐकून बघा, मग कळेल मी का चढले.

बाबा, तुम्ही लिहिलंत, "मी नको म्हणेपर्यंत चढली." मी शिडीशी उभी राहून तुम्हाला विचारलं होतं, तुमच्या तोंडासमोर तोंड आणून, म्हणजे तुम्हाला कळावं म्हणून. "बाबा, मी चढू का?" तुम्ही म्हणालात, "सांभाळून."

मी थोडी थांबले होते. तुम्ही "नको" म्हणाल म्हणून थांबले होते. तुम्ही शिडी धरलीत.

तुम्ही दोघंही वाईट नाही. माझ्यावर दोघांचाही जीव आहे, हे मला दिसतं. पण त्या जिवाला कान नाहीत, आणि हे मी बाबांच्या कानांबद्दल म्हणत नाही.

हे रजा घेऊन परवा आले आहेत. कळा थांबल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, झोपून राहिले तर दिवस भरतील. आम्ही दुसरीकडे खोली घेतली आहे. चौथा मजला, सपाट गच्ची, खिडक्यांना जाळ्या. लिफ्ट आहे, बाबा, चांगली चालते. पत्ता तुम्हा दोघांनाही देत नाही. रागाने नाही. मला काही दिवस अशा घरात राहायचंय जिथे माझ्याबद्दल कुणाचं काही ठरलेलं नाही.

बाळ झालं की कळवू. तोवर येऊ नका, शोधू नका, आणि माझ्यावरून एकमेकांना पत्रं लिहू नका.


२९ ऑगस्ट

विहीणबाई,

सूनबाईने लिहू नका म्हटलं होतं, तरी लिहितो. तिच्यावरून नाही, तिच्या मुलीवरून.

काल चिरंजीवांनी शेजाऱ्यांकडे फोन केला. मुलगी झाली. थोडी लवकर, थोडी हलकी, पण दोघी सुखरूप. तुम्हाला कळवलंय का, असं शेजारणीकरवी विचारलं तर तो म्हणाला, "तिच्या आईला ती स्वतः कळवेल." कधी, ते सांगितलं नाही. म्हणून मी कळवतो. तुमच्यावर उपकार नाहीत. मला दुसऱ्या कुणाला सांगायचं, ते सुचलं नाही.

पत्ता त्याने मलाही दिला नाही. तुम्ही त्या धंद्यातल्या, कुठल्या हॉस्पिटलात आहे ते तुम्हाला दोन फोनमध्ये कळेल. कळलं की मला लिहा. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो.

— व्याही


५ सप्टेंबर

व्याहीबुवा,

दोन फोन नाही लागले, एकातच कळलं. तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी गेले.

वॉर्डाच्या दाराशी उभी राहिले. माझी चाल बघून तिथल्या पोरींनी मला अडवलं नसतं, अंगात मेट्रन असली की दारं आपोआप उघडतात. काचेतून पलंगाचा पायथा दिसत होता. विटा नव्हत्या. बाजूला पाळणा होता, कापड लावलेला, आतलं काही दिसलं नाही.

दारावरच्या नर्सला म्हटलं, आत विचारून ये, आई आली आहे, येऊ का. तिने माझ्याकडे चमकून बघितलं. म्हणाली, "तुम्ही आई ना? जा की." मी म्हटलं, विचारून ये.

ती आत गेली. बाकड्यावर बसले. आयुष्यात लोकांना बाकड्यावर बसवलंय, स्वतः कधी बसले नव्हते. फार टोचतं हो ते. ती परत आली आणि म्हणाली, "आज नको म्हणतात. पण तुम्ही विचारलंत, ते बरं वाटलं म्हणतात."

मी परत आले. रडत आले की कशी, ते तुम्हाला कशाला? तुमच्यावरचा राग तसाच आहे. "सांभाळून" हा शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि फोमचा वास माझ्याही नाकातून जात नाही. आपली सोयरीक झाली तो दिवस कुठला होता, आठवला तर कळवा, तो कॅलेंडरातून काढून टाकते.

निघताना त्या नर्सने चिठ्ठीवर त्यांच्या नव्या खोलीचा पत्ता लिहून दिला. मुलीने द्यायला सांगितला होता, मला. माझ्याकडे पत्ता आहे, व्याहीबुवा. तुम्हाला देत नाही. देऊ का, असं तिला अजून विचारलेलं नाही.

— विहीण